चिखलदरा सायकलने : चढायचं कसं, उतरायचं कसं

श्रावणातल्या रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे सायकलने निघालात, तर गाड्यांचा धूर खाण्यापलीकडे हाती काही लागणार नाही. अमरावती, अकोला, नागपूर, सगळीकडच्या गाड्या त्या दिवशी घाटात शिरतात, वळणावरच उभ्या राहतात आणि धुक्यात फोटो काढत बसतात. पोलिसांना एकेरी वाहतूक करावी लागते. तोच रस्ता नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी सकाळी आठला पाहा. एखादी एसटी, दुधाच्या कॅन लटकवलेली मोटरसायकल, डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन-तीन बाया, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मेळघाटात निवांत रस्ता हवा असेल तर आधी कॅलेंडर उघडा, मग घड्याळ पाहा. सायकलचा नंबर त्यानंतर.

इथे दिलेली फेरी दोन दिवसांची आहे. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे वर जायचं, चिखलदऱ्यात मुक्काम करायचा, घटांगमार्गे खाली यायचं. सेमाडोहचा फाटा आणि अकोलेकरांसाठी नरनाळ्याची वाट शेवटी दिली आहे.

दिवस आणि वेळ

दसऱ्यानंतरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ घ्या, त्यातही सोमवार ते गुरुवार. दिवाळीची सुटी, नाताळचा आठवडा आणि सव्वीस जानेवारीला लागून येणारा शनिवार-रविवार टाळा. बाकी ऋतूंची अडचण थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात दरडीचे दगड रस्त्यावर येतात आणि धुक्यात दहा हातांपलीकडचं दिसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत खाली परतवाड्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, वर सागाला पान नसतं आणि वणव्याची धास्ती असते. मार्च दिसायला बरा, पण त्या महिन्यात मोह गळतो. मोहफुलं वेचायला कोरकू माणसं पहाटेच निघतात, आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येतं. वाघाची भीती सगळ्यांना असते. मेळघाटातला जुना माणूस मात्र अस्वलालाच जास्त जपून असतो. वाघ बहुधा आपल्याला पाहून बाजूला होतो. अस्वलाला नीट दिसत नाही, ते दचकतं आणि सरळ अंगावर येतं. सायकलचा तर आवाजच नसतो, त्यामुळे वळणावर दोघांची गाठ एकाच वेळी पडते.

त्यावरून घड्याळाचा नियम ठरतो: सूर्य चांगला वर आल्यावर जंगलात शिरायचं आणि दुपारी चारच्या आत बाहेर पडायचं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे उजाडायला सातेक वाजतात. संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, पण दरीत डोंगराची सावली त्याच्या तासभर आधीच उतरते. सपाटीवरचे सायकलवाले पहाटे चारला निघायची फुशारकी मारतात, ती इथे खुंटीला टांगून ठेवा. दिवा कितीही भारी असला तरी अंधारात इथल्या रस्त्यावर सायकल चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

होळीच्या आठवड्यात जाणार असाल तर खिशात सुटे पैसे ठेवा. कोरकूंची होळी पाच दिवस चालते. रस्त्यात लाकूड आडवं टाकून, ढोल वाजवत फगवा मागतात. दहा-वीस रुपये द्यावेत, चार शब्द बोलावेत आणि पुढे निघावं. चिडचिड करणाऱ्यानं त्या आठवड्यात घरी बसावं.

सायकल

गिअरची सायकल पाहिजे, आणि तीही खालच्या गिअरची. परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर आहे, चिखलदरा साधारण ११०० मीटरवर. म्हणजे सातशेहून जास्त मीटर चढायचे, आणि त्यातले बहुतेक धामणगाव गढी मागे पडल्यावर. पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी, या जोडीवर बसून गप्पा मारत पाय फिरले तर सायकल बरोबर आहे. उभं राहून पेडल दाबावं लागत असेल तर दुकानातून मागची मोठी कॅसेट बसवून घ्या. गुडघ्यांच्या औषधापेक्षा ती स्वस्त पडते.

चढाला गिअर सांभाळतात, उताराला ब्रेक, आणि माझ्या मते तयारीचा जास्त वेळ ब्रेकवर घालवावा. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर गुटके काढून पाहा. रबरावरच्या खाचा बुजल्या असतील किंवा आत ॲल्युमिनियमचा चमकता कण रुतला असेल तर गुटके बदला. तो कण रिमला ओरखडे पाडतो आणि ओल्यात ब्रेक धरत नाही. ब्रेकची वायर लिव्हरच्या तोंडाशी फुटलेली, एखादी तार उसवलेली दिसली तरी ती तशीच नेऊ नका. डिस्क असेल तर पॅडची जाडी पाहा आणि डिस्कला तेलकट हात लावू नका.

आता पंक्चर. वऱ्हाडात बाभळीचा काटा आणि सराटा यांच्यापासून कोणी सुटलेलं नाही. धामणगाव गढीपर्यंतच्या रस्त्यावर शेताच्या कुंपणाची तोडलेली बाभूळ ट्रॅक्टरमधून सांडत जाते. दोन ट्यूब, टायर उचलायच्या पट्ट्या, पंप आणि चिमूटभर कापूस घ्या. पंक्चर झालं की नवी ट्यूब घालायची घाई करू नका, कारण काटा बहुतेक वेळा टायरमध्येच असतो आणि नवी ट्यूबही तोच फोडतो. बोटानं चाचपलं तर बोट फाटतं. कापसाचा बोळा करून टायरच्या आतून हलक्या हातानं गोल फिरवा. काटा असेल तिथे कापसाचा धागा अडकतो. मग पकडीनं किंवा दुसऱ्या काट्यानं तो बाहेर ढकला, पुन्हा एकदा बोळा फिरवा, आणि मगच ट्यूब घाला. सराट्याचे काटे बहुतेक एकटे नसतात.

सराव

अमरावतीकरांना सरावासाठी लांब जायला नको. छत्री तलावाची बाजू, पोहऱ्याचं जंगल, तिथून चिरोडी आणि चांदूर रेल्वेकडचा रस्ता, यात बारीक चढउतार भरपूर आहेत. महिनाभर आठवड्यातून दोनदा तिकडे जा. त्या जंगलात बिबट्याचा वावर आहे, तेव्हा उजेडाचा नियम तिथेही पाळा. अकोलेकरांनी पातूरचा घाट गाठावा. मात्र मालवाहू ट्रकांची वर्दळ पाहता त्याला निवांत म्हणायला मी धजावणार नाही. एका दमात दीड तास न थांबता चढता आलं की चिखलदऱ्याचं नाव काढायला हरकत नाही.

परतवाडा गाठणं

अमरावतीहून वलगाव, आसेगाव करत परतवाडा सुमारे ५० किलोमीटर आहे. हा भाग सायकलने केलाच पाहिजे असं नाही. रस्ता सपाट आणि वाहता, कापसाच्या दिवसांत तर वर डोंगराएवढा कापूस आणि मागे एकही दिवा नसलेले ट्रॅक्टर. ज्यांना हौस आहे त्यांनी आदल्या दुपारी सावकाश करावा. वाटेत वलगावला पेढी नदी लागते. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी इथेच, या नदीच्या पुलाजवळ देह ठेवला. आयुष्यभर पायी फिरलेला माणूस अखेरीसही रस्त्यावरच होता. थोडं थांबून पुढे निघा. बाकीच्यांनी छोटा हत्ती किंवा काळी-पिवळी ठरवून सायकली परतवाड्यात आणाव्यात. नव्या एसटी गाड्यांवर टप नसतो, तेव्हा सायकल एसटीत चढेल हे गृहीत धरू नका.

मुक्काम परतवाड्यात किंवा लागून असलेल्या अचलपुरात करा. रात्री पोटभर जेवा, पण तर्रीच्या नादी लागू नका. ती उतरताना चालेल.

चढ

सकाळी साडेसहाला पोहे आणि चहा घेऊन सातला निघा. पहिला टप्पा धामणगाव गढीपर्यंतचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहराच्या तोडीचे दिवस असले तर बागेच्या तोंडाशी संत्र्यांचे ढीग आणि क्रेट भरणारी माणसं दिसतील. थांबून विचारलंत तर दोन-चार संत्री फुकट मिळतात, आणि प्रश्नही: “कुठून येऊन रायले भाऊ?” उत्तर द्या, संत्री घ्या, पण खाऊ नका, वरसाठी ठेवा. या भागात पाय मोकळे करायचे, जोर करायचा नाही. समोर गाविलगडचे डोंगर भिंतीसारखे उभे दिसतात, आणि ते पाहून नवख्याला चेव येतो. तो आवरा.

धामणगाव गढीला थांबून दोन्ही बाटल्या भरून घ्या. माणशी दोन लिटर पाणी, एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर. गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की खिशात, पिशवीच्या तळाशी नको. घरी फोन इथूनच करा. पुढे रेंज येते-जाते, आणि हवी असते तेव्हा बहुधा गेलेली असते.

चढ लागला की दर तासाला आठ-दहा किलोमीटरच्या वर जायचं नाही. गिअर आधी उतरवा, चढ अंगावर आल्यावर नाही. ताण पडलेल्या चेनवर गिअर बदलला तर ती करकरते, कधी तुटते. उजवीकडे वळणाऱ्या वळणावर डावीकडची बाजू धरली की चढ थोडा सौम्य लागतो. डावीकडच्या आतल्या वळणावर रस्ता एकदम उभा होतो. तिथे मागून गाडी नाही ना ते पाहून किंचित बाहेरून घ्या. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न देतो तो शिवी म्हणून नाही, वळण भरून निघतं म्हणून. अशा वेळी पाय टेकून बाजूला उभं राहावं. ढकलत नेण्यातही कमीपणा नाही.

दम खायला थांबाल तेव्हा या वाटेचा एक जुना किस्सा आठवा. अडगावची लढाई (आता ते गाव अकोला जिल्ह्यात आहे) २९ नोव्हेंबर १८०३ ला झाली. त्यानंतर आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या इंग्रज फौजा चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर चालून आल्या. ७ डिसेंबरला त्या एलिचपुराहून, म्हणजे आपल्या अचलपुरातून, निघाल्या. वेलस्ली गडाच्या दक्षिणेकडे गेला. स्टीव्हन्सनची तुकडी धामणगावच्या बाजूने डोंगरात शिरली आणि जड तोफा माणसांकरवी ओढत, स्वतःच रस्ता करत, १२ तारखेला गडाच्या उत्तरेला लवाद्याला पोचली. १५ डिसेंबरला गड पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेलं ते निजामाकडे. त्या लोकांना सहा दिवस लागले होते. तुम्हाला तीन तास लागले तर लाज वाटून घेऊ नका.

वर येता येता हवा बदलते, सागाबरोबर दुसरी झाडं दिसायला लागतात आणि मोथा लागतं. हे गवळ्यांचं गाव. इथे उतरून चहा घ्या. खरं तर खवा घ्या. चुलीवरच्या पसरट कढईत दूध आटत असतं, बाई किंवा बाप्या उलथन्यानं तळ खरवडत राहतात, कडेला जमलेली साय पुन्हा आत ओढतात. ताजा खवा किंचित करपट वासाचा आणि कोमट असतो, साखरेची गरज पडत नाही. एवढ्या चढानंतर पन्नास-शंभर ग्रॅम सहज जिरतो. त्याहून जास्त खाल्लात तर उरलेले किलोमीटर पोट धरून करावे लागतील. थंडीत इथे स्ट्रॉबेरीही मिळते.

चिखलदऱ्यात

बारा-एकपर्यंत पोचाल. घाम वाळायच्या आत कपडे बदला. डिसेंबरात वारा बोचरा असतो. झुणका-भाकर खाऊन तासभर पडा. दुपारी सायकलनेच भीमकुंड आणि देवी पॉइंट करता येतात. सगळे पॉइंट एका दुपारी उरकायची धडपड नको. मी दोनच निवडीन. कॉफी मिळाली तर प्या. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथेच. गाविलगड व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे, तिथे वेळ आणि तिकीट असतं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पायी पाहावा.

वानरं आणि लालतोंडी माकडं सीटखालच्या पिशवीची चेन उघडतात. खाण्याचा वास असलेलं काहीही सायकलवर ठेवून पॉइंटवर जाऊ नका. त्यांना चिक्की भरवणाऱ्या पर्यटकांमुळेच ती रस्त्यावर येऊन बसतात आणि मग गाड्यांखाली सापडतात.

उतार

दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या आधी खाली सुटू नका. तोवर दव वाळतं. घटांगचा रस्ता धामणगावपेक्षा लांबचा आहे, आणि दाट सागातून जातो म्हणून तो उतरायला ठेवलाय. मात्र एकेरी वाहतूक लावलेली असेल तर पोलिस सांगतील तोच रस्ता.

निघण्याआधी हवा तपासा आणि टायर दगडासारखे टणक ठेवू नका. हेल्मेट घाला. उतारावर चार गोष्टी पाळायच्या. ब्रेक वळणात शिरायच्या आधी लावायचा, वळणात नाही. तो सतत दाबून धरायचा नाही. दाबा, सोडा, पुढचा आणि मागचा आलटून पालटून. वळताना बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि अंगाचा भार त्यावर. आणि नजर पुढच्या चाकावर नको, वळण जिथे संपतं तिथे. दर चार-पाच किलोमीटरवर थांबा आणि रिमजवळ तळहाताची मागची बाजू न्या. टेकवायची नाही, नुसती जवळ. धग जाणवली तर पाच-दहा मिनिटं बसा. रिम फार तापली तर आतली हवा फुगते आणि ट्यूब फुटते, आणि ती नेमकी वळणावर फुटते.

सागाचं पान हे इथलं खास संकट. वाळलेलं असताना ते पापडासारखं वाजतं, त्याची भीती नाही. सावलीतल्या वळणावर दवानं भिजून डांबराला चिकटलेलं पान मात्र साबण लावलेल्या फरशीइतकं घसरडं असतं. तपकिरी पट्टा दिसला की ब्रेकला हात लावायचा नाही, सायकल सरळ ठेवून त्यावरून जायचं. पुलांच्या तोंडाशी साठलेल्या बारीक रेतीलाही हाच नियम.

जनावर दिसलं तर थांबा, सायकल अंग आणि जनावर यांच्यामध्ये धरा, मोबाईल काढू नका आणि हळू मागे सरका. रानगवा रस्त्यावर उभा असेल तर तो हलेपर्यंत थांबणं एवढंच काम. मागून जीप येत असेल तर तिच्या आडोशानं पुढे निघा. गटानं जाताना एकमेकांत पन्नास पावलांहून जास्त अंतर पडू देऊ नका, आणि वळणाआधी घंटी वाजवा. इथे घंटी गाड्यांसाठी कमी, अस्वलासाठी जास्त.

घटांगला मोठा रस्ता मिळतो. डावीकडे गेलात तर सेमाडोह, उजवीकडे परतवाडा, असं ढोबळ मानू नका. तिठ्यावर विचारून घ्या, कारण थकलेला माणूस उताराकडेच वळतो. परतवाड्याला दुपारी दोनपर्यंत पोचलात तर वेळापत्रक बरोबर बसलं. आता तर्री खायला हरकत नाही.

सेमाडोहचा फाटा

ज्यांना तिसरा दिवस काढता येतो त्यांनी घटांगहून सेमाडोह करावं. सिपना नदीचं हे खोरं म्हणजे मेळघाटाचा गाभा. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट होतं, १९७४ पासून. सेमाडोहला वनखात्याचं पर्यटन संकुल आहे, पुढे कोलकास, मग हरिसाल. देखणेपणात हा तुकडा चिखलदऱ्याच्या घाटाला मागे टाकतो. पण हाच रस्ता धारणीहून बऱ्हाणपूरकडे जातो. ट्रॅव्हल्सच्या बसगाड्या आणि ट्रक इथून धावतात आणि पूल अरुंद आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये सेमाडोहजवळ एक खाजगी बस पुलावरून खाली कोसळली आणि त्यात माणसं गेली. म्हणून पुलावर समोरून मोठी गाडी येताना दिसली तर अलीकडेच थांबायचं, कितीही वेग मिळाला असला तरी. मुक्कामाचं बुकिंग आधी करा, आणि डांबरी रस्ता सोडून जंगलातल्या कच्च्या वाटेला चाक लावू नका. ते बेकायदा आहे.

अकोलेकरांसाठी

चिखलदरा लांब वाटत असेल तर अकोटहून पोपटखेड आणि तिथून शहानूर हा अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे, जेमतेम २० किलोमीटर. चढ हलका, धरणाचं पाणी, समोर नरनाळ्याचा डोंगर. सकाळी सातला अकोट सोडलं की नऊच्या आत शहानूरच्या वनखात्याच्या गेटवर. किल्ला व्याघ्र प्रकल्पात आहे, वर जायला नोंदणी लागते. सायकल पुढे नेता येईल का ते गेटवरच विचारा, आणि नाही म्हटलं तर हुज्जत न घालता जिप्सी करा. महाकाली दरवाजावरचं कोरीवकाम बघायला आणि शक्कर तलावाकाठी बसायला दोन-तीन तास हाताशी ठेवा. ओळखपत्र सोबत असू द्या. सायकलला कुलूप घाला, सीटखालची पिशवी काढून घ्या, आणि परतताना अकोटच्या अलीकडे एकदा थांबून दोन्ही टायरवरून हात फिरवा. सराट्याचा काटा रुतल्या रुतल्या काढला तर ट्यूबपर्यंत जात नाही.